सेल्फ फिरतोय का?

गाडी चालू होत नाही म्हणून आमच्या मिस्त्रींना फोन लावला की ते ‘कुठे आहात’ हेसुद्धा नंतर विचारतात. आधी प्रश्न एकच: ‘सेल्फ फिरतोय का?’ (सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिले फेरे देणारी मोटर.) पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी ‘नाही हो, काहीच होत नाहीये’ असं ठोकून दिलं. ते बिचारे सेल्फच गेला असणार असं धरून मोटरसायकलला हत्यारांची पिशवी अडकवून आले, चावी फिरवली, तर इंजिन मजेत खर्रर्र-खर्रर्र फिरतंय. फक्त पेट घेत नव्हतं. सीएनजीचा सिलिंडर भरलेला आणि पेट्रोलची टाकी कोरडीठाक. ही काय भानगड ते पुढे येईलच, पण मिस्त्री तेव्हा जे बोलले ते आधी सांगतो: ‘साहेब, तुमचं काहीच होत नाही, तिथं माझं अर्धं काम झालेलं असतं.’

ते अर्धं काम कुठलं, हे कळलं की निम्मी धावपळ वाचते.

इंजिन आपलं आपण सुरू होऊ शकत नाही. घरातला पंखा बटण दाबलं की फिरतो, कारण त्याला लागणारी वीज तारेत तयार असते. इंजिनाला लागतो सिलिंडरमधला भडका. त्यासाठी आधी पिस्टनने खाली जाऊन हवा आणि पेट्रोल आत ओढायचं, वर येऊन ते दाबायचं, मग ठिणगी पडायची. म्हणजे चालू होण्यासाठी आधी फिरायला हवं, आणि फिरण्यासाठी आधी चालू व्हायला हवं. हा पेच सोडवायचा तर पहिले दोन-चार फेरे दुसऱ्या कुणीतरी द्यावे लागतात. पूर्वी ते काम माणूस करायचा. अँबॅसॅडरच्या पुढून लोखंडी हँडल घालून गरगर फिरवणारे ड्रायव्हर ज्यांनी पाहिलेत, त्यांना हँडलचा उलटा फटका बसून मनगट सुजल्याच्या गोष्टीही माहीत असतील. चार्ल्स केटरिंग या अमेरिकी इंजिनिअरने विजेच्या मोटरवर चालणारा स्टार्टर तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांमध्ये तो बसवला गेला. हँडल मारायला माणूस नको, म्हणून ‘सेल्फ स्टार्टर’. आपण त्यातला स्टार्टर गाळला आणि सेल्फ तेवढा ठेवला.

तर कामं दोन. आधी सेल्फने इंजिन फिरवायचं, त्याला ताकद देते बॅटरी. मग फिरत्या इंजिनाने पेट घ्यायचा, त्याला लागतं इंधन, ठिणगी आणि या दोन्हींची वेळ सांभाळणारा गाडीचा कॉम्प्युटर, ज्याला गॅरेजमध्ये ईसीएम म्हणतात. इंजिन फिरतच नसेल तर पेट्रोल, ठिणगी पाडणारे प्लग, फिल्टर यांचा विचारही करू नका. आणि ते झोकात फिरत असेल तर नवी बॅटरी टाकून काही होणार नाही. ही दुसरी चूक फार जण करतात, आणि बॅटरी विकणारा काही ‘नको’ म्हणत नाही.

चावी फिरवा आणि ऐका

एसी, रेडिओ, पंखा सगळं बंद करा. चावी फिरवताना किंवा बटण दाबताना कान बोनेटकडे ठेवा.

काहीच आवाज नाही आणि डॅशबोर्डही काळाठिक्कर, तर बॅटरी पार उतरली आहे किंवा टर्मिनल, म्हणजे बॅटरीला केबल जिथे जोडतात तो सांधा, सुटलं आहे. डॅशबोर्ड लख्ख आहे पण सेल्फ मुका, तर बहुतेक वेळा गाडीच तुम्हाला अडवते आहे. ऑटोमॅटिक गाडीचा गिअर ‘पी’ (पार्क) किंवा ‘एन’वर (न्यूट्रल) नसेल, ब्रेक दाबलेला नसेल, तर सेल्फपर्यंत करंट जाऊच दिला जात नाही. बऱ्याच मॅन्युअल गाड्यांतही क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, आणि पायाखाली सरकून आलेली मॅट क्लचला तळाला टेकू देत नाही. हसू नका, मॅट काढून गाडी चालू झालेली मी पाहिली आहे. ऑटोमॅटिकमध्ये ‘पी’वर सेल्फ लागत नसेल तर ‘एन’वर घेऊन बघा, गिअरची जागा ओळखणारा स्विच झिजला की असं होतं.

बटणाची गाडी असेल तर चावीतला सेल संपलेला असू शकतो. तो नाण्याएवढा, बहुतेकदा सीआर २०३२ नावाचा. सेल संपला तरी चावीच्या आतली ओळख पटवणारी चिप जिवंत असते, कारण तिला स्वतःचा सेल लागत नाही. जवळ आलं की गाडीच तिला ऊर्जा पुरवते. म्हणून चावीनेच स्टार्ट बटण दाबा, किंवा चावी बटणाला टेकवून धरा. काही गाड्यांत यासाठी वेगळा खाचा असतो, तो मॅन्युअलमध्ये दाखवलेला असतो. आणि चावीची जुनी पद्धत असेल, चावी फिरतच नसेल, तर स्टिअरिंग लॉक झालं आहे. एका हाताने स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवत दुसऱ्या हाताने चावी फिरवा. जोर लावलात तर चावी तुटेल.

आता आवाजांकडे. टक्-टक्-टक्-टक् असा भराभर आवाज आला की ती बॅटरी उतरल्याची खूण. सेल्फवर एक जाड विद्युतचुंबक बसवलेला असतो, सोलेनॉइड. थोड्याशा करंटवर तो ओढला जातो आणि मोटरकडे जाणारा मोठा रस्ता उघडतो. रस्ता उघडल्याबरोबर मोटर भसकन करंट खेचते, अशक्त बॅटरी मान टाकते, मग सोलेनॉइडला धरून ठेवण्यापुरतीही ताकद उरत नाही, तो सुटतो. सुटला की बॅटरीला दम मिळतो, तो पुन्हा ओढला जातो. सेकंदात हे कितीतरी वेळा होतं, त्याची ही टकटक.

एकच ठसठशीत ‘टक्’ येऊन पुढे शांतता असेल तर सोलेनॉइडने आपलं काम केलं, मोटर फिरली नाही. मोटरचे कार्बन, म्हणजे तिला करंट पोचवणारे कोळशाचे तुकडे, झिजलेले असतील, आतला संपर्क जळलेला असेल, किंवा टर्मिनलला जेमतेम करंट येत असेल. इथे जुने ड्रायव्हर एकाला चावी फिरवायला बसवतात आणि स्वतः खाली वाकून सेल्फच्या अंगावर पान्याने दोन हलके ठोके देतात. ही जादू नाही. झिजलेले कार्बन जागेवर अडकतात, ठोक्याने पुन्हा टेकतात. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, हे आधी बघायचं. ठोक्याने चालू झालेली गाडी घरी नाही, गॅरेजला न्यायची, कारण पुढचा ठोका लागेलच असं नाही.

घुर्र… घुर्र… घु… असं रेंगाळत फिरत असेल तर पुन्हा बॅटरीच. आणि छान फिरून पेट घेत नसेल तर थेट लेखाच्या उत्तरार्धाकडे गेलात तरी चालेल.

बॅटरी: लाइट लागतात म्हणजे चांगली असं नाही

‘हॉर्न वाजतोय, लाइट लागतायत, म्हणजे बॅटरी ठीक आहे’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता मोजणं सोडलं. हिशोब करून बघू. हेडलाइटचा एक साधा बल्ब साधारण ६० वॉटचा, बॅटरी १२ व्होल्टची, म्हणजे बल्बला लागले ५ अँपिअर. सेल्फला छोट्या पेट्रोल गाडीतही शंभर ते दोनशे अँपिअर लागतात, डिझेलला त्याहून जास्त. बल्ब पेटला यावरून सेल्फ फिरेल असं म्हणणं म्हणजे कळशी उचलली म्हणून पिंपही उचलेल असं म्हणणं.

बॅटरी ही सहा खोल्यांची चाळ आहे. प्रत्येक खोलीत शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाम्ल, प्रत्येकीतून मिळतात २.१ व्होल्ट, सहा मिळून १२.६. तीन-चारशे रुपयांचा मल्टिमीटर घरात असेल तर रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला लावून बघा. १२.६ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली गेली तर जवळपास रिकामी. पण नुसत्या या आकड्यावर जाऊ नका. म्हातारी बॅटरी उभ्या गाडीत १२.६ दाखवते आणि कामाला लावली की कोसळते. टाकी भरलेली असली तरी नळात गाळ साचलेला असतो तसं. म्हणून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगून त्याच वेळी मीटर बघा. आकडा ९.६ च्याही खाली घसरला तर बॅटरी उतरली आहे किंवा संपली आहे. चार्ज करूनही तेच झालं, तर संपलीच.

मीटर नसेल तर हेडलाइट लावून ठेवा आणि सेल्फ मारा. लाइट विझत आले तर दोष बॅटरीचा किंवा टर्मिनलचा. लाइट जरासुद्धा मंद झाले नाहीत, तर सेल्फपर्यंत करंट पोचतच नाहीये.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर साचलेली असते ती आधी काढा, हे काम फुकटात होतं आणि निम्म्या केसेस इथेच मिटतात. (‘निम्म्या’ हा माझा अंदाज, कुठलं सर्वेक्षण नव्हे.) टर्मिनल हाताने हलवून बघा. हललं तर ढिलं आहे, ते हलायलाच नको. दहा नंबरच्या पान्याने आधी काळी, म्हणजे उणे बाजू सोडायची, लावताना ती शेवटी. कारण गाडीचा सगळा पत्रा उणे बाजूला जोडलेला असतो. आधी लाल सोडायला गेलात आणि पाना चुकून पत्र्याला लागला तर पान्यातून शॉर्ट होऊन ठिणग्या उडतील. हातात अंगठी असेल तर ती तापून बोट भाजेल. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून टर्मिनलवर ओता, फसफसेल, जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करा, लावून झाल्यावर वरून व्हॅसलिन. बॅटरी काढल्याने घड्याळ आणि रेडिओचं सेटिंग जातं, काही गाड्यांत काचांचं ‘ऑटो’ही पुन्हा शिकवावं लागतं, तेवढं सोसायचं.

दुसऱ्याच्या बॅटरीवर

दुसऱ्या गाडीची बॅटरी आपल्या गाडीला जोडायची जंपर केबल डिकीत असावी, आणि ती जाड असावी. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या बऱ्याच केबलींना आत तांबं कमी आणि बाहेर प्लास्टिक जास्त असतं; त्यातून शंभर अँपिअर जात नाहीत, केबलच तापते.

दोन्ही गाड्या जवळ, पण एकमेकींना न लागता उभ्या करा आणि बंद करा. लाल केबलचं एक टोक बंद पडलेल्या गाडीच्या अधिक टर्मिनलला, दुसरं मदतीच्या गाडीच्या अधिकला. मग काळी केबल मदतीच्या गाडीच्या उणेला, आणि तिचं उरलेलं टोक बंद गाडीच्या बॅटरीला नाही, तर इंजिनाच्या रंग नसलेल्या एखाद्या लोखंडी भागाला, बॅटरीपासून लांब. हे शेवटचं टोक लावताना हमखास ठिणगी उडते. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडत असतो आणि तो पेटतो, म्हणून ठिणगी बॅटरीच्या तोंडाशी नको. लाल-काळं उलटं लागलं तर मात्र फ्यूजपासून कॉम्प्युटरपर्यंत काहीही जाऊ शकतं. लावण्याआधी टर्मिनलवरची अधिक-उणेची खूण बोट लावून वाचा, नुसत्या रंगावर विसंबू नका. मदतीची गाडी चालू करून पाच मिनिटं थांबा, मग तुमची चालू करा. केबली काढताना लावल्या त्याच्या उलट क्रमाने.

केबल नसेल तर धक्का. चावी ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, चार जणांनी ढकलून गाडी पळू लागली की क्लच पटकन सोडायचा आणि इंजिन लागलं की लगेच पुन्हा दाबायचा. पहिल्या गिअरमध्ये चाकं अडखळतात, म्हणून दुसरा. ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने चालू होत नाही, उगाच शेजाऱ्यांना दमवू नका. बॅटरी इतकी उतरली असेल की डॅशबोर्डही लागत नाही, तर मॅन्युअल गाडीलाही धक्का उपयोगाचा नाही, कारण पेट्रोलचा पंप आणि ठिणगी दोन्ही विजेवर चालतात. अँबॅसॅडरच्या काळात पंप इंजिनाच्या जोरावर चालायचा, त्या आठवणीवर आजची गाडी ढकलू नये.

बॅटरीवर चालणाऱ्या इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी हा भाग वगळू नये. त्यांच्या मोठ्या बॅटरीखेरीज एक छोटी १२ व्होल्टची बॅटरीही गाडीत असते, तिच्याच जोरावर कॉम्प्युटर जागा होतो. ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी ढिम्म.

उभ्या गाडीला कोण खातं

२५ मार्च २०२० ला लॉकडाउन लागला आणि महिनाभराने सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये बॅटऱ्या मेलेल्या गाड्यांची रांग लागली. बंद गाडीही थोडी वीज खात असते: अलार्म, घड्याळ, चावीची वाट बघत बसलेला रिसीव्हर. समजा हे खाणं ३० मिलिअँपिअर आहे. दिवसाला झाले ०.७२ अँपिअर-तास, आठवड्याला पाच. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची, म्हणजे आठवड्याला सातवा हिस्सा गेला आणि साडेतीन आठवड्यांत अर्धी. ५० मिलिअँपिअरच्या वर खाणं गेलं तर कुठेतरी गळती आहे असं इलेक्ट्रिशियन धरतात, आणि ती बहुतेक वेळा नंतर बसवलेल्या वस्तूंची असते: डॅशकॅम, जीपीएस, बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टिमचा अँप्लिफायर. डिकीचा ५ वॉटचा दिवा चालू राहिला तर दोन दिवसांत अर्धी बॅटरी जाते, दिवा कुणाला दिसतही नाही.

लॉकडाउनमध्ये खूप जण आठवड्यातून एकदा खाली जाऊन पाच मिनिटं गाडी चालू करून ठेवायचे. एकदा सेल्फ मारायला फारसं खर्च होत नाही: १५० अँपिअर दोन सेकंद म्हणजे एक दशांश अँपिअर-तासाहूनही कमी. प्रश्न आठवडाभर गेलेल्या पाच अँपिअर-तासांचा आहे. ते पाच मिनिटांत भरून येत नाहीत. त्याला अर्धा-पाऊण तास गाडी प्रत्यक्ष चालवायला लागते. गावाला किंवा मुलांकडे परदेशात महिना-दोन महिने जाणार असाल तर उणे टर्मिनल काढून ठेवा, सगळ्यात सोपं.

आणि गाडी रोज चालते तरी बॅटरी उतरत असेल, चालू असताना डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा दिसत असेल, तर बॅटरी भरणारा अल्टरनेटर तपासा. आपल्याकडे जुने लोक त्याला डायनॅमो म्हणतात. इंजिन चालू असताना मीटरवर साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवं. काही ठिकाणी अजून एक जुनी युक्ती करतात: चालू गाडीचं बॅटरी टर्मिनल काढायचं, गाडी बंद पडली नाही तर डायनॅमो चांगला. तुमच्या गाडीवर कुणी हे करायला आलं तर हात धरा. बॅटरी ही धक्के पचवणारी उशी असते. ती काढली की व्होल्टेज उसळतं आणि हजारो रुपयांचा कॉम्प्युटर जातो.

फिरतंय पण पेटत नाही

आता मिस्त्रींचं उरलेलं अर्धं काम. इथे पहिला नियम: सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा. नाहीतर नसलेला बॅटरीचा दोष तयार होतो.

चावी फक्त ऑन करा, सेल्फ मारू नका, मागच्या सीटजवळ कान द्या. टाकीत बुडालेला पेट्रोल पंप दोनेक सेकंद बारीक गुणगुणतो आणि थांबतो. गुणगुण नसेल तर फ्यूज बघा. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर नकाशा असतो. लाल फ्यूज १० अँपिअरचा, निळा १५, पिवळा २०, जळालेल्यातली तार तुटलेली दिसते. त्याच अँपिअरचा टाकायचा, मोठा नाही. रिले (पंपाला करंट देणारा विजेवर चालणारा स्विच) गेला आहे का हे बघायची सोपी सोय म्हणजे हॉर्नचा रिले बहुधा त्याच नंबरचा असतो, तोच काढून तिथे लावून बघा.

आता माझी सीएनजीची फजिती. सिलिंडरमध्ये गॅस २०० बारच्या दाबाने भरतात. तो दाब इंजिनाला सोसेल इतका उतरवताना गॅस थंड होतो, आणि दाब उतरवणाऱ्या भागाला ऊब मिळते ती इंजिनाच्या गरम पाण्यातून. सकाळी इंजिनच गार असतं. म्हणून कंपनीतून सीएनजी बसवून आलेल्या बहुतेक गाड्या सुरू पेट्रोलवर होतात आणि थोड्या वेळाने आपण होऊन गॅसवर जातात. काही नवी मॉडेलं थेट गॅसवर सुरू होतात, तुमची कुठली ते मॅन्युअलमध्ये बघा. गॅस स्वस्त म्हणून आपण पेट्रोल टाकतच नाही. रोज सकाळी थोडं-थोडं जळत एक दिवस संपतं, किंवा महिनोन्‌महिने तेच पेट्रोल पडून खराब होतं, इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर चिकटतात. वर पंपाला थंड ठेवायला भोवती पेट्रोल लागतं, कोरड्या टाकीत तोही तापतो. पाव टाकी पेट्रोल ठेवा आणि आठवड्यातून पाच-दहा किलोमीटर गाडी पेट्रोलवर चालवा. हा खर्च सीएनजीच्या हिशोबात धरायचा असतो, मी धरला नव्हता.

पावसाळ्यात आणखी एक. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळलेलं असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळं होतं आणि टाकीच्या तळाशी बसतं, नेमकं पंप जिथून ओढतो तिथे. पेट्रोल भरून दोन-चार किलोमीटरवर गाडी आचके देऊन बंद पडली आणि मग चालूच झाली नाही, तर पावती जपून ठेवा आणि टाकी रिकामी करून घ्या.

बराच वेळ सेल्फ मारून पेट्रोलचा उग्र वास यायला लागला तर प्लग ओले झाले. अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि मग सेल्फ मारा. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत कॉम्प्युटर याचा अर्थ ‘पेट्रोल बंद, नुसती हवा’ असा घेतो आणि आतलं ओलेपण निघून जातं. इंजिनने पेट घेतला की पाय लगेच उचला.

गाडी सुरू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडते आणि डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकतं, तर इमोबिलायझरने, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेने, चावी ओळखली नाही. काही गाड्यांत तो इंजिन फिरू देतो पण पेटू देत नाही. दुसरी चावी वापरून बघा. एकाच रिंगमध्ये दोन चिपच्या चाव्या असतील तर वेगळ्या करा.

गार असताना नीट चालू होते, घाट चढून गेल्यावर बंद पडते, अर्धा तास बोनेट उघडं ठेवलं की जणू काही झालंच नाही अशी चालू होते. हे लक्षण असेल तर माझा पहिला संशय क्रँक सेन्सरवर. इंजिन कुठल्या कोनात आहे हे तोच कॉम्प्युटरला सांगतो, आणि तापला की गप्प बसतो. मोबाइलला ब्लूटूथने जोडायचा छोटा स्कॅनर असेल तर त्यावर ‘पी ०३३५’ असा कोड दिसू शकतो. कोड दिसला म्हणून सेन्सर लगेच बदलू नका, आधी त्याची वायर बघा.

वायर म्हटलं की उंदीर. पावसाळ्यात उंदरांना कोरडी, उबदार जागा हवी असते आणि नुकतंच बंद केलेलं इंजिन म्हणजे त्यांचं रेस्ट हाउस. गणपतीच्या आगेमागे आमच्या सोसायटीत दरवर्षी एक तरी गाडी अशी बंद पडते. वाहन बाप्पाचं असल्यामुळे कुणी फार बोलत नाही. बोनेट उघडून लेंड्या, कुरतडलेला फोम, चावलेल्या वायरचं तांबं दिसतंय का बघा. तंबाखूची पानं, डांबरगोळ्या, फवारे सगळं करून झालंय, आठवडाभर गुण येतो. गाडीत पडलेला शेंगदाणा-फरसाण झाडणं आणि कचऱ्याच्या डब्याजवळ गाडी न लावणं हेच टिकतं.

एक आवाज मात्र वेगळा ओळखा. इंजिन नेहमीपेक्षा हलकं, भरभर, शिवणयंत्रासारखं फिरतंय, मधला ‘खर्र-खर्र’ असा जोरच नाही. हे टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह (इंजिनाच्या झडपा) यांची चाल जुळवणारा पट्टा, तुटल्याचं लक्षण असू शकतं. बऱ्याच इंजिनांत अशा वेळी पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आपटतो. पुन्हा चावी फिरवू नका, टोइंग मागवा. हायवेवर असाल तर १०३३ हा राष्ट्रीय महामार्गांचा मदत क्रमांक आहे.

डिझेलमध्ये प्लगची ठिणगी नसते, हवा दाबून तापवून त्यातच डिझेल पेटवतात. म्हणून थंडीत, महाबळेश्वरला वगैरे, चावी ऑन करून वेटोळ्याचं पिवळं चिन्ह विझेपर्यंत थांबा, ग्लो प्लग तापत असतात. आणि डिझेल पूर्ण संपेपर्यंत कधी चालवू नका. नळीत हवा भरली की डिझेल टाकूनही गाडी घेत नाही, फिल्टरजवळचा हातपंप असेल तर तो घट्ट होईपर्यंत दाबून हवा काढावी लागते.

पाण्यात बंद पडली तर

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या पाण्यात बंद पडलेल्या गाड्यांच्या मालकांनी साहजिकच पुन्हा चावी फिरवली असणार. पण ही एकच वेळ आहे जिथे फिरवायची नाही.

हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. १२०० सीसीच्या चार सिलिंडरच्या गाडीत एका सिलिंडरच्या वाट्याला ३०० मिलिलिटर. पिस्टन अगदी वर पोचतो तेव्हा त्याच्या डोक्यावर उरते साधारण ३३ मिलिलिटर जागा, कटिंग चहाच्या निम्मीही नाही. हवेच्या वाटेने एवढंसं पाणी आत आलं आणि सेल्फने पिस्टन वर ढकलला, तर पिस्टनला धरणारा दांडा, कनेक्टिंग रॉड, वाकतो. चालत्या इंजिनात तर तो तुटून इंजिनाचं अंग फोडून बाहेर येतो. साध्या सर्वसमावेशक विम्यात इंजिनाचं हे नुकसान सहसा धरत नाहीत. त्याला ‘इंजिन प्रोटेक्शन’ म्हणून वेगळं कव्हर घ्यावं लागतं, आणि ते घेतलं असलं तरी पाण्यात सेल्फ मारला होता का, हे विचारलं जातंच.

तेव्हा गाडी पाण्यात बंद पडली की चावी काढा, बाहेर पडा, पाणी ओसरल्यावर उणे टर्मिनल सोडा, गाडी ढकलून किंवा टोइंगने उंचावर न्या. मिस्त्रींचा नेहमीचा प्रश्न येईल. ‘मारलाच नाही’ असं सांगितलंत तर ते आधी एअर फिल्टर उघडून तो ओला आहे का बघतील, ऑइल मोजायच्या पट्टीवर, डिपस्टिकवर, ऑइल दुधाळ चहासारखं झालंय का बघतील, मग चारही प्लग काढून, सिलिंडरची तोंडं मोकळी ठेवून सेल्फ मारतील. आत पाणी असेल तर प्लगच्या भोकांतून पिचकारीसारखं बाहेर उडेल. तेवढा वेळ इंजिनावर वाकून बघत उभं राहू नका.